कूपरेजचा चिखल, मेलबर्नचं ऊन

कारंजा लाडची माणसं एके काळी मुंबईला गेली ती कापसाच्या मागे. जिनिंगमधल्या गाठी शकुंतला रेल्वेच्या डब्यात चढत, मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत जात आणि मुंबईच्या बाजारात पोचत. गाठींच्या मागोमाग अडत्यांचे कारकूनही जात. आमचे आबाजी त्यातलेच एक. पन्नासच्या दशकात काही वर्षं त्यांनी कॉटन ग्रीनच्या एका पेढीवर हिशेब लिहिले आणि परळला वऱ्हाडातल्या मंडळींनी मिळून धरलेल्या खोलीत दिवस काढले. गावी परतताना मुंबईतून त्यांनी एक छत्री आणली, एक घड्याळ आणलं आणि एक नाव आणलं. छत्री आणि घड्याळ कधीच गेलं. नाव मात्र आमच्या घरात राहिलं : नेव्हिल डिसूझा.

आमच्या भागात तेव्हा खेळ म्हणजे हुतूतू, खो-खो नाहीतर कुस्ती. फुटबॉल असलाच तर नागपूरकडे आणि कामठीच्या छावणीत. त्यामुळे आबाजींची ही गोष्ट ऐकायला मोठी माणसं बसत नसत, आम्ही पोरंच बसायचो. ओट्यावर ते सूप घेऊन बसत आणि त्यात दाणे मांडत. तुरीचे अकरा आपले, हरभऱ्याचे अकरा समोरच्यांचे. पाच पुढे, तीन मधे, दोन मागे आणि एक गोलीवर. मग पुढच्या पाचांतल्या मधल्या तुरीवर बोट ठेवून म्हणत, "हा सेंटर फॉरवर्ड. याचं काम धावाचं नाही बाबू, याचं काम उभं राहाचं. बॉल कुठी येईन हे त्याले आंधीच मालूम पाह्यजे."

आबाजींना मैदानावर पहिल्यांदा नेलं ते पेढीवरच्या एका गोवेकर टायपिस्टने. मुंबईत गोव्याच्या गावागावांचे कूड होते. एका गावच्या माणसांनी मिळून चालवलेली ती राहायची जागा. आमच्या परळच्या खोलीचाच हा ख्रिस्ती भाऊबंद, म्हणून दोघांचं जमलं. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता. १९५५च्या सत्याग्रहानंतर सीमेवरची ये-जा अवघड झाली आणि टायपिस्टला घरी जाणं दुरापास्त झालं. नेव्हिलचं मूळ गावही तिकडचंच, सासष्टीतलं असोळणा. ज्याच्या गावावर दुसऱ्या देशाचा झेंडा, तो पोरगा भारताच्या जर्सीत खेळतो याचा टायपिस्टला कोण अभिमान. शनिवारी त्याची बोटं टाइपरायटरवर दुप्पट वेगाने चालत, असं आबाजी सांगायचे.

मुंबईच्या फुटबॉलचा मोठा हंगाम पावसाळ्यातला. हारवूड लीगचे सामने कूपरेजवर चालत. चेंडू कातडी, वरून वादीने आवळलेला. पाणी प्यायला की धोंड्यासारखा जड. वादीची बाजू कपाळाला लागली की वळ उठे, तरी डोकं पुढे करायचं. बुटांच्या तळाला खिळ्यांनी ठोकलेले कातडी गट्टू. बदली खेळाडू हा प्रकार नव्हता. पाय मुरगळला तर लंगडत खेळायचं, नाहीतर दहा जणांनी निभावायचं. त्या चिखलात बाकीचे घसरत असताना नेव्हिल गोलीच्या तोंडाशी रेंगाळत असे आणि चेंडू नेमका त्याच्याकडेच जाई. "माह्या डोयानं पाह्यलं मी," एवढं म्हणून आबाजी थांबत. या वाक्याला घरात कोणी आव्हान देत नसे.

मोठी आई तेवढी देई. "डोयानं पाह्यलं तं घरी दहा रुपये कमी काऊन आले थ्या महिन्यात?" ती सुपाकडे न बघता विचारी. तिकिटाचे पैसे कुठून आले, हा प्रश्न तिने अखेरपर्यंत सोडला नाही. फुटबॉलच्या इतिहासात प्रेक्षकांच्या बायकांचं प्रकरण कोणी लिहिलं, तर मोठ्या आईची साक्ष घ्यावी लागेल.

१९५४ साली मुंबईने संतोष करंडक जिंकला तेव्हा नेव्हिल त्या संघात होता. दोन वर्षांनी तो मेलबर्न ऑलिंपिकला गेला. इथून पुढचं आबाजींनी पाहिलेलं नव्हतं. वर्तमानपत्रात वाचलेलं आणि कूपरेजच्या गर्दीत ऐकलेलं त्यांनी एकत्र केलं होतं. त्यामुळे त्यांच्या मेलबर्नला पाऊस पडत होता आणि ऑस्ट्रेलियाचे बॅक गुडघाभर चिखलात रुतले होते. मेलबर्नला डिसेंबरात उन्हाळा असतो, हे मला भूगोलाच्या पुस्तकातून कळलं. आबाजींना सांगितल्यावर ते म्हणाले, "असंन. पन चिखल होता."

नोंदी काय सांगतात ते पाहू. पहिल्या फेरीत भारतासमोर हंगेरी होता, १९५२चा सुवर्णविजेता. पण नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, हंगेरीचा फुटबॉल संघ उतरला नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर १९५६ला उपांत्यपूर्व सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी झाला. नेव्हिलने ९व्या, ३३व्या आणि ५०व्या मिनिटाला गोल केले. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने दोनदा बरोबरी साधली होती. ८०व्या मिनिटाला किट्टूने चौथा गोल मारला आणि सामना ४-२ असा संपला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू. या विजयाने भारत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचणारा पहिला आशियाई संघही ठरला. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी.

दोन दिवसांनी, ३ डिसेंबरला, नेव्हिलला चोविसावं वर्ष पूर्ण झालं. ४ तारखेला युगोस्लाव्हियाशी गाठ. याच युगोस्लाव्हियाने चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत भारताला १०-१ असं धुतलं होतं. आपले बरेचसे खेळाडू तेव्हा अनवाणी होते. आता पायांत बूट होते. मध्यंतरानंतर ५२व्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत १-० असा पुढे गेला. ५४व्या मिनिटाला युगोस्लाव्हियाने बरोबरी केली, आणखी तीन मिनिटांत आघाडी घेतली आणि सामना ४-१ असा जिंकला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला ३-० हरवलं. स्पर्धेत सर्वाधिक चार-चार गोल करणाऱ्या तिघांत युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि आपला नेव्हिल.

म्हणजे भारत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या वाटेवर होता तो जेमतेम दोन मिनिटं. आबाजी ती दोन मिनिटं अर्धा तास सांगत. तूर पुढे सरके, हरभरे मागे हटत, रेफरी घड्याळ बघे, टायपिस्टने खिशातली जपमाळ काढलेली असे. सुपात युगोस्लाव्हियाची बरोबरी व्हायची वेळ आली, की जेवायला हाक येई किंवा आबाजींना खोकला येई. त्यांच्या तोंडून ४-१ हा आकडा मी कधीच ऐकला नाही. थोरांच्या गोष्टींवर इतिहास लिहायचा, तर हे ध्यानात ठेवावं लागतं. दिनांक आणि गोल नोंदवहीतून घ्यावेत. दोन मिनिटं किती लांब होती, ते मात्र नोंदवहीला विचारू नये.

आबाजींच्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र दिवसेंदिवस जास्त पटत गेली. नेव्हिलच्या पायाइतकंच त्यांना त्याच्या पोटाचं कौतुक होतं. तो टाटांच्या संघाकडून खेळला, कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघाकडूनही खेळला. कॅल्टेक्सने १९५८चा रोव्हर्स कप जिंकला तो मुंबईच्या अशाच नोकरदार फुटबॉलच्या बहरात. बँका, रेल्वे, गिरण्या, तेल कंपन्या खेळाडूंना कामावर घेत. सकाळी सराव, दुपारी टेबल, संध्याकाळी सामना. आजच्या भाषेत तो व्यावसायिक फुटबॉल नव्हे. पण पहिल्या तारखेला पगार हातात पडायचा आणि घरचे म्हणायचे, खेळ बाबा. आबाजींचा हिशेब कारकुनी होता : "आंधी नोकरी, मंग मैदान, मंग गोल."

मानसन्मानाच्या खात्यात नेव्हिलच्या नावावर फारसं काही जमा झालं नाही. अर्जुन पुरस्कार १९६१पासून सुरू झाले. मेलबर्नच्या संघातल्या पी. के. बॅनर्जींना तो पहिल्याच वर्षी मिळाला, पुढे बलराम आणि थंगराज यांनाही मिळाला. तीन गोल मारणाऱ्याला मिळाला नाही. १६ मार्च १९८०ला नेव्हिल गेला, अवघा सत्तेचाळीस वर्षांचा. रोव्हर्स कप या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. गिरण्यांचे संघ गिरण्यांबरोबर गेले. महिंद्र युनायटेडनेही २०१०मध्ये गाशा गुंडाळला.

आमचा वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा निघाला. आता शाळांमध्ये फुटबॉल आहे, सुब्रतो करंडकासाठी पोरं-पोरी उतरतात. पण बारावी झाली की तीच पोरं पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी धावू लागतात, आणि चेंडू घरी राहतो. त्यात त्यांची चूक नाही. आबाजींच्या हिशेबातली पहिली ओळ ती गिरवताहेत. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते पदक मिळवून आलेल्याला. पदक मिळेपर्यंत त्याला पोसायचं काम पूर्वी टाटा, कॅल्टेक्स आणि रेल्वे करत होत्या. ते काम आज जिल्ह्याच्या गावी कोणाकडे नाही. वाशीमच्या पोरांत नेव्हिल का निघत नाही, याचं उत्तर त्यांच्या पायांत शोधण्यात अर्थ नाही.

ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये त्यानंतर एकाही भारतीयाने हॅट्ट्रिक केलेली नाही. त्यासाठी आधी भारतीय संघ तिथे पोचावा लागतो, आणि १९६०च्या रोमनंतर तो पोचलेला नाही.