पंजरूदची भाषा

2011च्या शिरगणतीला घरी आलेले गुरुजी माझं नाव ऐकून मातृभाषेच्या रकान्यात ‘उर्दू’ लिहू लागले. मी म्हटलं, ‘गुरुजी, मराठी लिहा.’ त्या दिवशी मला पंजरूद आठवलं.

पंजरूद हे ताजिकिस्तानातलं, पंजाकेंतकडच्या डोंगरांतलं फारसी बोलणारं खेडं. फारसी काव्याचा आद्य कवी रूदकी इथलाच. इ. स. 941 मध्ये तो इथंच वारला. त्या देशात सुमारे 70 टक्के लोक आजही खेड्यांत राहतात. तिथं खेडं म्हणजे ‘देहा’. अनेक खेडी मिळून ‘जमोअत’ होते. घराघरांची नोंद ठेवणं, दाखले देणं हे तिचं काम. पंजरूदच्या जमोअतीला रूदकीचंच नाव आहे. प्रांताला म्हणतात ‘विलोयत’. आपल्या जुन्या दप्तरातला ‘देहझाडा’, आपली ‘जमात’, आपली ‘विलायत’ याच घराण्यातली.

या भाषेची लिपी किती बदलली! आधी अरबी, 1920च्या दशकाअखेरीस रोमन, 1940पासून रशियन वळणाची. रूदकीची कबरही विस्मरणात गेली होती. जुन्या नोंदींच्या आधारे सदरुद्दीन ऐनी यांनी ती पंजरूदलाच असल्याचं 1940 मध्ये दाखवून दिलं. 1956 मध्ये तिथं उत्खनन झालं. हजार वर्षांत राज्यं गेली, लिप्या गेल्या. पण गावकऱ्यांनी आपली बोली सोडली नाही.

भाषा नावावरून ठरत नाही, लिपीवरूनही नाही. आई ज्या भाषेत हाक मारते, ती आपली. गुरुजींनी शेवटी ‘मराठी’ लिहिलं.