यांची युनियन कुठली?

आबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साच्यांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं. पण समोरच्याच्या ओठांवरून बोलणं बरोब्बर कळायचं. १९८२ च्या संपात ते गेटबाहेर आले ते कायमचेच.

थोरले काका डेट्रॉइटला मोटारींच्या धंद्यात. आबा-आजी त्यांच्याकडे एकदाच गेले. त्या मुक्कामातली एक गोष्ट काका अजून सांगतात. एका रविवारी त्यांनी आबांना म्युझियम दाखवायला नेलं. राजेरजवाड्यांच्या तसबिरी बघून आबा जांभया देत होते. मग एका उंच दालनात शिरले आणि थबकले. चारी भिंतींवर चित्रं, आणि समोरासमोरच्या दोन मोठ्या भिंतींवर अख्खा कारखाना चालू!

हे काम दिएगो रिव्हेराचं. जन्म १८८६, मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातोचा. उमेदवारीची वर्षं युरोपात काढली, इटलीतली जुनी भित्तिचित्रं डोळे भरून पाहिली आणि १९२१ मध्ये तो घरी परतला. क्रांतीनंतरच्या सरकारला तेव्हा सार्वजनिक इमारतींच्या भिंती बोलक्या करायच्या होत्या. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं म्हणून रिव्हेराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर शेतकरी, खाणकामगार, बाजारहाट असं सगळं मांडलं. १९३२ मध्ये तो डेट्रॉइटच्या म्युझियमच्या बोलावण्यावरून तिथे गेला. पैसा एड्सेल फोर्डचा, म्हणजे हेन्री फोर्डच्या मुलाचा. चित्रकार उघड कम्युनिस्ट. सोयरीक अशीही जुळते!

रिव्हेरा आधी फोर्डच्या रूज कारखान्यात हिंडला. भट्ट्या, साचे, पट्ट्यावरून सरकणारी इंजिनं, सगळं कागदावर उतरवलं. मग भिंती. ही पद्धत ओल्या गिलाव्याची. त्या दिवशी रंगवून होईल तेवढाच तुकडा मदतनीस लिंपून ठेवणार, आणि तो वाळायच्या आत पाण्यात कालवलेला रंग त्यात मुरला पाहिजे. हात चुकला तर गिलावा खरवडून पुन्हा लिंपायचा. जुलै १९३२ ते मार्च १९३३ एवढ्या अवधीत त्याने २७ चित्रं पुरी केली. एवढ्या खटाटोपात पुरी झालेली मोटार एकच, तीही शोधावी लागेल एवढीशी. बाकी सगळी माणसं आणि यंत्रं.

आबांनी मोटार शोधलीच नाही. ते इंजिन ओढणाऱ्या माणसांसमोर उभे राहिले. "पाय बघ," काकांना म्हणाले. "असे रोवल्याशिवाय जोर लागत नाही. याने काम जवळून बघितलंय." मग हॅटवाल्या, रोखून बघणाऱ्या माणसाकडे बोट: "हा जॉबर," म्हणजे मुकादम. खालच्या बाजूला करड्या रंगातल्या छोट्या चौकटींत कामगाराचा दिवस आहे, त्यात पगार घेणारी माणसं दिसली तेव्हा आबा हसले. आणि मोठ्याने, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, म्हणाले, "यांची युनियन कुठली?"

काकांना सांगता येईना.

मी पुढे वाचत गेलो तेव्हा तो प्रश्न जास्तच टोचला. ७ मार्च १९३२ ला मंदीने बेकार झालेले कामगार फोर्डच्या याच रूज कारखान्यावर मोर्चा घेऊन गेले होते. पोलीस आणि फोर्डच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या, चौघं जागीच मेले. रिव्हेरा शहरात आला तो पुढच्याच महिन्यात. भिंतीवर मात्र ना मोर्चा, ना बेकारी. सगळ्या लायनी भरलेल्या. तो भित्रा होता असं म्हणवत नाही. १९३३ मध्येच न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये त्याने लेनिन काढला, पुसायला ठाम नकार दिला आणि पुढच्या वर्षी ते चित्र फोडून टाकलं गेलं. मला वाटतं, डेट्रॉइटमध्ये तो यंत्राच्या प्रेमात पडला. कामगाराची पाठ त्याच्याइतकी कुणी पाहिली नाही, पण गेटबाहेरच्या माणसाची गाठ राहून गेली. गंमत म्हणजे तेव्हा शहरात ओरड झाली ती भलत्याच चित्रावर. लस टोचून घेणारं बाळ धर्ममार्तंडांना बाळ येशूची टिंगल वाटलं.

आबा गेले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला नंतर सापडलं. १९३७ मध्ये रूजच्या गेटजवळ पत्रकं वाटायला आलेल्या युनियनवाल्यांना फोर्डच्या माणसांनी बेदम मारलं. फोर्डने मोटार कामगारांच्या युनियनशी पहिला करार केला तो जून १९४१ मध्ये. भिंतीवरचा रंग वाळून तेव्हा आठ वर्षं झाली होती.