डॅन्यूबकाठी बाळासह सायकलप्रवास

जर्मनीतील पासाऊ ते ऑस्ट्रियातील व्हिएन्ना हा डॅन्यूबकाठचा सुमारे ३०० किलोमीटरचा सायकलमार्ग बहुतांशी सपाट असल्याने मुलांसह प्रवास करणाऱ्यांस सोयीचा ठरतो. मेल्क ते क्रेम्स हे वाखाऊ खोरे २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. शरद ऋतूत तेथे द्राक्षतोडणी चालते. ऑस्ट्रियात १२ वर्षांखालील मुलांना, सायकलमागील ट्रेलरमध्ये बसलेल्यांनाही, हेल्मेट सक्तीचे आहे. मात्र वर्षाच्या आतील बाळाची मान हेल्मेटचा भार व रस्त्यावरील धक्के सोसण्याइतकी बळकट नसते. त्यामुळे त्या वयात सायकलप्रवास टाळावा, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. सायकल चालविणाऱ्यास घाम फुटत असतानाही निश्चल बसलेले मूल गारठू शकते. म्हणून प्रत्येक थांब्यावर त्याची मान व पाठ हाताने तपासावी. ऑक्टोबरमध्ये दिवस झपाट्याने लहान होतो. मुक्काम सूर्यास्तापूर्वीच गाठावा.