सांता मोनिका धक्का

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या सांता मोनिका शहराचा पॅसिफिक महासागरात शिरलेला सार्वजनिक धक्का. शहराची सांडपाण्याची नळवाहिनी लाटांपलीकडे नेण्यासाठी तो बांधला गेला आणि ९ सप्टेंबर १९०९ रोजी खुला झाला. १९७३ मध्ये पाडला जाणार असलेला हा धक्का नागरिकांच्या चळवळीने वाचला. १९८३ च्या वादळांत त्याचे पश्चिम टोक वाहून गेले. ते पुढे पुन्हा बांधले गेले.

कॅलिफोर्नियात सार्वजनिक धक्क्यावरून गळ टाकायला परवाना लागत नाही. होडी व परवाना न परवडणाऱ्यांना समुद्र खुला ठेवणारा हा नियम मोलाचा आहे. बांगड्याच्या जातीचे मासे सांता मोनिकाच्या धक्क्यावर गळाला लागतात. ढोम्याच्या कुळातला पांढरा क्रोकर मात्र खाऊ नये, अशी सरकारी सूचना आहे: कारखान्यांतून समुद्रात गेलेली डीडीटी व पीसीबी ही विषारी रसायने त्याच्या शरीरात साठतात. घरच्या जेवणासाठी मासे धरणाऱ्यांना ही सूचना त्यांच्या भाषेत कळणे अत्यावश्यक आहे.