दिनविशेष : 27 ऑक्टोबर

27 ऑक्टोबर 1970 रोजी अँड्र्यू लॉइड वेबर व टिम राइस यांची ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ ही रॉक संगीतिका, रंगमंचावर येण्यापूर्वीच, दोन तबकड्यांच्या संचरूपाने अमेरिकेत प्रसिद्ध झाली. पडदा नाही, दिवे नाहीत, केवळ श्रवणेंद्रियाच्या हवाली केलेले हे नाट्य आजही ताजे वाटते, कारण आरंभीच्या वाद्यमेळात पेरलेल्या स्वराकृती पुढे प्रसंगागणिक अर्थ पालटून परततात. आणि रोमन सुभेदार पिलाताच्या दरबारात येशूला मारले जाणारे एकोणचाळीस फटके एकामागून एक मोजले जात असता मोजणाऱ्याचा आवाज जसजसा चढतो, तसतशी शिक्षा फर्मावणाऱ्याचीच घालमेल ऐकू येते. रंगकर्मी अलेक पदमसी यांनी 1974 मध्ये ही संगीतिका मुंबईत सादर केली, तेव्हा येशूचा विश्वासघातकी शिष्य यहूदा झालेल्या नंदू भेंडे यांचा रॉकमध्ये कसलेला गळा 1978 मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त मराठी शब्द घेऊन उभा राहिला, ही त्या तबकड्यांची आपल्याकडील खरी मिळकत होय. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या रसिकांनी लोकलच्या प्रवासात सुटी गाणी न निवडता ही संगीतिका सलग ऐकावी. दीड तासाच्या अखेरीस कंठ थांबतात आणि केवळ तंतुवाद्ये उरतात.