रंगपुनर्स्थापन, चित्रपटांचे

फिक्या पडलेल्या रंगीत चित्रपटाचे मूळ रंग डिजिटल साधनांनी परत मिळवण्याची प्रक्रिया. कृष्णधवल चित्रपटाला नव्याने रंग चढवणे (उदा., ‘मुगल-ए-आझम’, २००४) यात मोडत नाही.

१९५० साली आलेल्या ईस्टमनकलर फिल्ममुळे रंगीत चित्रण आवाक्यात आले, पण तिची रंगद्रव्ये टिकाऊ नव्हती. प्रिंटमध्ये सायन, मॅजेंटा आणि पिवळा असे तीन थर असतात. बंद डब्यातही बहुधा सायन आधी विरते. लाल प्रकाश अडवणारे तेच असल्याने सगळ्या चित्रावर गुलाबी-तांबडी झाक चढते. उष्ण, दमट हवेत हे लवकर घडते. टिकाऊ फिल्मसाठी मार्टिन स्कोर्सेसी यांनी १९८० मध्ये कोडॅककडे मागणी लावून धरली. टेक्निकलरच्या रंग-स्थानांतर पद्धतीच्या प्रिंट मात्र बऱ्याच शाबूत राहिल्या आणि आज ताडून पाहण्यासाठी त्याच कामी येतात.

स्कॅननंतर संपादक लाल, हिरवा, निळा हे घटक वेगळे करतो आणि लाल घटकातला दबलेला उजेड-सावलीचा फरक ताणतो. रंगद्रव्य थोडे तरी उरले असेल तर हे साधते. ते पुरते गेले असेल तर फिल्मचे कणच ठळक होतात आणि रंग उरलेल्या दोन घटकांवरून अंदाजाने भरावे लागतात. म्हणजे परत आणलेला रंग हे अनुमान असते आणि त्याची विश्वासार्हता पुराव्यावर ठरते. चेहरे नैसर्गिक आणि पांढरे पांढरे दिसले की पुरे, असे काहींचे म्हणणे असते. स्वयंचलित रंगसमतोलही हेच गृहीत धरतो. पण ‘व्हर्टिगो’त (१९५८) हॉटेलच्या खोलीत निऑनचा हिरवा उजेड मुद्दाम भरला आहे. आज्ञावली त्याला दोष समजून काढेल आणि हिचकॉकने रचलेला प्रसंगच पुसला जाईल. रॉबर्ट हॅरिस व जेम्स कॅट्झ यांनी १९९६ मध्ये या चित्रपटाचे पुनर्स्थापन केले ते रासायनिक पद्धतीने. तरी मोटारीचा हिरवा ठरवण्यासाठी त्या काळच्या जॅग्वारच्या रंगाचा नमुना मिळवला होता. साधने बदलली तरी अशी पडताळणी टळत नाही.



दिग्दर्शक हयात असेल तर त्याचा शब्द अखेरचा, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘द फ्रेंच कनेक्शन’च्या २००९ च्या ब्ल्यू-रे आवृत्तीत विल्यम फ्रीडकिन यांनी रंगांचा बाज बदलला, छायालेखक ओवेन रॉइझमन यांनी जाहीर विरोध केला आणि २०१२ मध्ये त्यांना मान्य असलेली आवृत्ती निघाली. दिग्दर्शकाला नवी आवृत्ती काढण्याचा हक्क जरूर आहे, पण तिला मूळ म्हणता येत नाही. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने २०२४ मध्ये पुढे आणलेल्या ‘मंथन’च्या (१९७६) आवृत्तीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली मूळ निगेटिव्ह वापरली आणि छायालेखक गोविंद निहलानी व दिग्दर्शक श्याम बेनेगल हेही कामात सहभागी होते. फिल्म आणि स्मृती एकमेकींना तपासत असल्याने हाच मार्ग भरवशाचा. संस्कार न केलेला स्कॅन व प्रत्येक बदलाची नोंद जपावी. पुढे चांगली प्रिंट सापडल्यास अनुमान सुधारता येते.