श्रीपूरचं शेत दीडशे मीटर का सरकतं?

माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरचा नकाशा आज संगणकावर चढवायचा झाला, तर ड्राफ्ट्समनच्या टेबलावर चार पिढ्यांचे कागद जमतात. भूमी अभिलेख कार्यालयातलं टिपण, सर्व्हे ऑफ इंडियाची ४७ ओ/१ क्रमांकाची जुनी टोपोशीट, जीपीएस रोव्हरने घेतलेले बिंदू आणि पार्श्वभूमीला उपग्रहाचं चित्र. गाव तेच, जमीन तीच. पण ऑटोकॅडमध्ये किंवा क्यूजीआयएसमध्ये हे थर एकावर एक बसत नाहीत. कालवा रस्त्यावर चढतो, बांध शेजाऱ्याच्या उसात घुसतो. अशा वेळी थर उचलून नजरेच्या अंदाजाने जागेवर सरकवायचा मोह होतो. त्याने चूक दिसेनाशी होते, जात मात्र नाही. प्रत्येक सरकण्यामागे कुणीतरी कधीतरी घेतलेला मोजणीचा निर्णय असतो. थर किती आणि कोणत्या दिशेला सरकला, यावरून तो निर्णय ओळखता येतो.

यातला सर्वांत जुना निर्णय नीरेच्या पलीकडचा आहे. नदी ओलांडली की इंदापूर तालुका लागतो. १८२० च्या दशकाच्या अखेरीस आर. के. प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात केलेली पाहणी फसली होती. आकारणी इतकी जड झाली, की लोकांनी जमिनी सोडल्या. मग १८३५ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट इंदापुरात फेरमोजणीला उतरले आणि १८३६ पासून तिथे ३० वर्षांसाठी नवे दर लागू झाले. पुढे हीच पद्धत मुंबई इलाखाभर पसरली. मोजणीदाराचं मुख्य हत्यार होतं ३३ फुटांची शंकू साखळी आणि काटकोन साधायला क्रॉस स्टाफ. साखळीचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा. आणि ४० गुंठ्यांचा एकर.

या मोजणीच्या टिपणात शेताच्या आत एक आधाररेषा असते आणि तिच्यावरून कोपऱ्यांपर्यंत टाकलेले लंब, साखळी-आण्यांत. अक्षांश-रेखांश कुठेच नाहीत. शेताचा आकार टिपणाला नेमका ठाऊक असतो, ते शेत पृथ्वीवर कुठे आहे हे मात्र नाही. म्हणून टिपणासाठी ‘डेटम’, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावरून मोजतात तो संदर्भ, शोधत बसण्यात अर्थ नसतो. जागेवर टिकून असलेले हद्दीचे दगड रोव्हरने मोजायचे आणि आकृती त्यांच्यावर बसवायची, एवढाच मार्ग उरतो. इथली नेहमीची गफलत एककाची. ३३ फुटांची साखळी म्हणजे १०.०५८४ मीटर. पाठ्यपुस्तकातली गुंटरची साखळी ६६ फुटांची. एखाद्याने तीच गृहीत धरली, तर शेताची प्रत्येक बाजू दुप्पट होते आणि क्षेत्र चौपट. त्यात १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे जुन्या आकृतीवर नवा आकडा टाकण्याआधी दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

विंगेटची माणसं शेतं मोजत होती, त्याच काळात दुसरी एक मोजणी डोंगरमाथ्यांवरून चालली होती. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ सुरू केलेलं त्रिकोणमितीय सर्वेक्षण जॉर्ज एव्हरेस्टने उत्तरेकडे नेलं. १८३० मध्ये त्याने दक्षिणोत्तर मोजलेल्या कमानीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तिचं दक्षिण टोक बीदरजवळच्या दमरगिड्याला, १८ अंश ३ मिनिटांवर, म्हणजे जवळपास श्रीपूरच्याच अक्षांशावर; उत्तर टोक मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला. याच कामातून ‘एव्हरेस्ट १८३०’ हा पृथ्वीचा गणिती आकार ठरला आणि कल्याणपूर देशाच्या नकाशांचा मूळबिंदू झालं.

हा आकार भारतापुरता उत्तम बसत होता. पण जीपीएस वापरतं तो डब्ल्यूजीएस-८४ हा आकार अख्ख्या पृथ्वीला बसवलेला आहे. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर. एव्हरेस्टची तिच्याहून सुमारे ८६० मीटरने कमी. शिवाय दोन्हींचे केंद्रबिंदूही वेगळे. परिणाम असा, की टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश रूपांतर न करता थेट जीपीएसच्या पद्धतीत भरले, तर श्रीपूरच्या परिसरातली जागा सुमारे दीडशे मीटर आग्नेयेला जाऊन पडते. चौकोनी एकराची बाजू जेमतेम ६४ मीटर असते. म्हणजे दोन शेतं ओलांडून. सगळंच एका दिशेला, शे-दीडशे मीटर आणि सारख्या अंतराने सरकलेलं दिसलं, की डेटमचा घोळ आहे असं बेलाशक समजावं.

सरकणं चार-पाच मीटरचंच असेल, तर शोध वेगळ्या दिशेला करावा लागतो. जुन्या लँबर्ट ग्रिडवर भारताचे पट्टे पाडलेले होते आणि आपल्या भागाच्या तिसऱ्या पट्ट्याचा आरंभ १९ अंश उत्तर, ८० अंश पूर्व इथे धरला होता. आकडे ऋण येऊ नयेत म्हणून पूर्वेकडच्या अंतरात ३० लाख यार्ड आधीच मिळवलेले असत. हे यार्ड भारतीय: ०.९१४३९८५ मीटरचे. आजचं आंतरराष्ट्रीय यार्ड ०.९१४४ मीटरचं. फरक केसाएवढाही नाही, पण ३० लाखांनी गुणल्यावर तो साडेचार मीटर होतो.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीची ‘ओपन सिरीज’ टोपोशीट डब्ल्यूजीएस-८४ आणि यूटीएम या मीटरच्या ग्रिडवर आणली. यूटीएममध्ये महाराष्ट्राचे दोन भाग पडतात. ७८ रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३, पूर्वेला ४४. वर्ध्याचं काम झोन ४४ मध्ये करून तीच फाईल श्रीपूरसाठी उघडली, तर गाव सहाशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला, गोदावरीकाठच्या भद्राचलमच्या परिसरात उतरतं. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली, तर त्याहून मजा: श्रीपूर थेट नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात. अशा चुका निदान लपत तरी नाहीत.

लपते ती ग्रिडची चूक. झोन ४३ ची मध्यरेषा ७५ रेखांशावर आहे आणि ती अकलूज-श्रीपूरला जवळजवळ चिकटून जाते. मध्यरेषेवर यूटीएम मुद्दाम आखूड, म्हणजे ०.९९९६ पट धरलेलं आहे, म्हणून जमिनीवरचा एक किलोमीटर पडद्यावर ४० सेंटिमीटरने कमी भरतो. शंभर एकरांत तीनेक गुंठे कमी दिसतात. जमिनीवरचं अंतर थेट मोजणारा टोटल स्टेशनवाला खरा आणि ग्रिडवरचे बिंदू देणारा रोव्हरवालाही खरा. दोघांची अंतरं जुळत नाहीत ती यामुळे. इंटरनेटवरच्या नकाशांसाठी वापरलं जाणारं वेब मर्केटर तर उलट फुगवतं. या अक्षांशावर त्या प्रक्षेपणाच्या पडद्यावरच्या आकड्यांतून सरळ क्षेत्र काढलं, तर ४० गुंठ्यांचा एकर ४४ गुंठ्यांहून मोठा होतो. सातबाऱ्यापेक्षा जमीन दहा टक्क्यांनी जास्त भरली, की शेतकरी खूश होण्याआधी ही सेटिंग तपासलेली बरी.

उंचीची गोष्ट पाण्याशी बांधलेली आहे. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या भाटघरच्या लॉईड धरणाचं पाणी नीरेच्या उजव्या कालव्याने माळशिरसच्या कोरड्या जमिनीला मिळालं. त्यावर ऊस आला आणि चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा साखर कारखाना श्रीपूरला उभा राहिला. पाणी उतारावर चालतं आणि उतार मोजायला समान पातळी लागते. देशभरच्या पातळ्यांचं जाळं १९०९ मध्ये नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरवलेल्या समुद्रसपाटीला जुळवलं गेलं. रोव्हर मात्र उंची मोजतो ती डब्ल्यूजीएसच्या गणिती पृष्ठभागापासून, आणि तो पृष्ठभाग या पट्ट्यात समुद्रसपाटीच्या साठ मीटरहून अधिक वर आहे. म्हणून कच्ची जीपीएस उंची गावाला तेवढंच खाली ढकलते. हा फरक भरून काढणारं जिऑइड मॉडेल लावलं तरी सर्व्हेयर जवळच्या बेंचमार्कवर रोव्हर ठेवून फरक तपासतात, कारण शेतात पाइपलाइनचा उतार काढताना दहा सेंटिमीटरची चूकही पाणी उलट्या दिशेला वळवते.